प्रवासातील वास : ध्रुवरात्रीची तीन पुस्तके

'प्रवास' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने योजतो, तो त्याचा मूळ अर्थ नव्हे. 'वस्' म्हणजे राहणे, आणि 'प्र' हा उपसर्ग लागून सिद्ध झालेल्या 'प्रवासा'चा अर्थ घरापासून दूर राहणे असा होता. ज्या स्त्रीचा पती असा दूर राहतो तिला साहित्यशास्त्राने 'प्रोषितभर्तृका' म्हटले. त्यातील 'प्रोषित' हे रूपही याच धातूचे. कालिदासाचा यक्ष कोठे हिंडत-फिरत नाही. स्वामिकार्यात कसूर झाली म्हणून तो एक वर्ष एका डोंगरावर राहतो, इतकेच. आणि तरीही 'मेघदूत' हे प्रवासाचेच काव्य ठरते. मराठीने मात्र या शब्दातून राहणे वजा केले आणि जाणे तेवढे शिल्लक ठेवले. परिणामी आपली प्रवासवर्णने ही बहुतांशी जाण्या-येण्याची वर्णने झाली. लेखक निघतो, पोचतो, पाहतो आणि परततो. तो तेथे राहिला असता तर त्याचे काय झाले असते, हा प्रश्न उपस्थितच होत नाही.

याला अपवाद नाहीत असे नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळेल या आशेने उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांच्या 'माझा प्रवास' या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे मोल ते किती कोस चालले यात नाही. अडकून पडल्यामुळे एक शहर त्यांना आतून पाहावे लागले, यात आहे. तथापि पुढील काळात पाहुण्याची नजर हीच प्रवासलेखनाची नजर ठरली. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) त्या नजरेतील मौज मराठीला दिली, आणि त्यांच्यामागून आलेल्या कित्येकांनी ती उसनी घेतली. मौज उसनी घेता येत नाही, हा भाग वेगळा. मुख्य गोष्ट अशी की, पाहुण्याला यजमानाघरची चूल पेटवावी लागत नाही.

आम्हांला येथे ज्या तीन पुस्तकांविषयी लिहावयाचे आहे, ती तिन्ही चूल पेटवणाऱ्यांची पुस्तके आहेत, आणि ती चूल पृथ्वीच्या टोकाकडील बर्फात आहे. ध्रुवप्रदेशाविषयीचे वाङ्मय विपुल असले तरी त्याचा मोठा भाग जिंकण्याच्या आकांक्षेने भारलेला आहे. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला आणि स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी. या दोन तारखांमधील चौतीस दिवसांच्या अंतरावर केवढे वाङ्मय उभे राहिले आहे! त्यात शौर्य आहे, मरण आहे, करुण रसही आहे. पण त्या लेखनाच्या दृष्टीने ध्रुव हा एक बिंदू आहे : तेथे पोचावयाचे, निशाण रोवावयाचे आणि मागे फिरावयाचे. राहणाऱ्याचा प्रश्न याहून निराळा असतो. ध्रुवरात्रीत महिनोन् महिने सूर्य उगवत नाही. म्हणजे प्रवासवर्णनाचे जे मुख्य साधन, दृष्टी, तेच काढून घेतले जाते. जेथे पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही, तेथे राहणाऱ्याने लिहावे तरी काय? वासाच्या वाङ्मयाची याहून कठोर कसोटी आम्हांला सुचत नाही.

पहिले पुस्तक ॲडमिरल रिचर्ड बर्ड यांचे 'अलोन' (१९३८). बर्ड हे नाव मुळात जिंकणाऱ्यांच्या यादीतले. १९२९ साली विमानाने दक्षिण ध्रुवावरून उड्डाण करून आलेला हा मनुष्य १९३४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस रॉस हिमस्तरावरील एका खोपटात एकटा राहू लागला. त्याच्या मोहिमेचा मुख्य तळ 'लिटल अमेरिका' तेथून १२३ मैलांवर होता. निमित्त हवामानाच्या नोंदींचे. पण शांतता आणि एकांत ही काय चीज आहे ती एकदा पोटभर अनुभवावी, हा आपला खरा हेतू होता हे तो लपवीत नाही. दोन माणसे ठेवली तर ती परस्परांच्या जिवावर उठतील, तिघांपुरते सामान नेणे जमले नाही, म्हणून एकटा, असा त्याचा हिशेब आहे. ज्यांनी एका खोलीत दुसऱ्या माणसाबरोबर वर्ष काढले आहे, त्यांना या हिशेबात अतिशयोक्ती वाटणार नाही.

पुस्तकाच्या पूर्वार्धात बर्ड विचार करतो, आणि खरे सांगावयाचे तर तो भाग आम्हांला सामान्य वाटतो. विश्वाची लय, ताऱ्यांचे संगीत, मानवाचे एकाकीपण हे सर्व तेथे आहे, पण ते अगोदरच बांधून आणलेल्या शिध्यासारखे आहे. त्या जागेने त्याला ते दिलेले नाही. पुस्तक खरे होते ते शेगडी बिघडल्यावर. धुराड्याचे सांधे फट धरतात, हवेच्या वाटा बर्फाने बुजतात, आणि जी शेगडी त्याला जगवते तीच कार्बन मोनॉक्साइड वायूने त्याला हळूहळू मारू लागते. ३१ मे रोजी बिनतारी यंत्रासाठी लावलेल्या इंजिनाच्या वाफाऱ्याने तो कोसळतो. यापुढील प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही : शेगडी पेटवावी तर विष, विझवावी तर थंडी, आणि बाहेर पारा उणे साठ अंश सेल्सियसच्या आसपास. तिच्याशी तासांचा सौदा करीत तो पुढचे दोन-अडीच महिने काढतो.

या सर्व काळात तो तारेने तळाला कळवीत राहतो की, आपले ठीक चालले आहे. सत्य सांगितले तर सहकारी ध्रुवरात्रीतच आपल्या सुटकेसाठी निघतील आणि वाटेत मरतील, ही त्याची भीती. अखेर त्याच्या अडखळत्या संदेशांवरूनच तळावरील लोकांना संशय येतो, आणि १० ऑगस्ट रोजी तिघे जण येऊन पोचतात. 'अलोन'चे वाङ्मयीन सामर्थ्य आमच्या मते याच द्वंद्वात आहे. 'येथील सर्व कुशल' हे आपल्या पत्रव्यवहारातील पहिले वाक्य. घरापासून दूर राहणाऱ्या प्रत्येकाने ते कधी ना कधी खोटे लिहिलेले असते. बर्डच्या लपवण्यात प्रेम किती आणि सेनापतीचा अभिमान किती, हे पुस्तक पुरतेपणी सांगत नाही. पण त्या दोहोंना वेगळे करता येत नाही, हे त्यातून जाणवत राहते. तो आजाराने आडवा असतानाही हवामानाच्या नोंदी चुकू देत नाही. एके काळी आम्हांला हे कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण वाटे. आज वाटते की, ज्याचे सर्व काही ढासळत आहे त्याला धरून ठेवण्यासाठी ती नोंदवही हा एकच खांब उरला होता. दप्तराने माणसाला वाचवल्याची वाङ्मयातील उदाहरणे थोडी आहेत. त्यांतील हे एक.

बर्ड दक्षिणेकडील रात्रीतून सुटला त्याच वर्षी, १९३४ साली, क्रिस्टियाने रिटर ही ऑस्ट्रियन चित्रकर्ती उत्तरेकडील रात्रीत शिरली. आणि योगायोग असा की, तिचे पुस्तकही १९३८ सालीच प्रसिद्ध झाले. मूळ जर्मन पुस्तकाचा जेन डेग्रास यांनी केलेला 'ए वूमन इन द पोलर नाइट' हा इंग्रजी अनुवाद १९५४ चा. रिटरचा नवरा हर्मन हा स्पिट्सबर्गेन बेटावर शिकारी म्हणून राहत होता. तो पत्रांतून तिला बोलावीत राहिला, आणि अखेर ती निघाली. आपल्या परंपरेच्या भाषेत बोलावयाचे तर ही एक अशी प्रोषितभर्तृका आहे की, जी मेघाची वाट न पाहता स्वतःच रामगिरीवर जाऊन उभी राहते. उबदार झोपडीत बसून जाडजूड पुस्तके वाचावीत, मोजे रफू करावेत आणि पोटभर झोपावे, अशी तिची कल्पना होती. प्रत्यक्षात ग्राहुकेन या उजाड टोकावर तिला एक चिमुकले खोपटे मिळते आणि त्यात नवऱ्याखेरीज कार्ल हा तरुण नॉर्वेजियन शिकारीही राहणार असल्याचे कळते. शेगडी इतकी धुरकट की, पहिल्या काही दिवसांचे सारे वर्णन काजळीचेच आहे.

ही काजळी हाच या पुस्तकाचा पाया आहे, असे आम्हांला वाटते. बर्डच्या पूर्वार्धात जे नाही ते येथे पहिल्या पानांपासून आहे : वस्तूंशी चाललेले रोजचे भांडण. पाण्यासाठी बर्फ वितळवणे, समुद्राने वाहून आणलेले ओंडके सरपणासाठी गोळा करणे, सीलचे मांस रांधणे. पुरुष सापळ्यांच्या फेरीवर गेलेले असताना वादळ येते आणि ती कित्येक दिवस एकटी राहते. दाराशी साचणारे बर्फ उपसणे आणि शेगडी विझू न देणे एवढेच तिचे विश्व उरते. या अनुभवाविषयी ती एकही मोठे वाक्य लिहीत नाही. आणि मग, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सूर्य नाहीसा झाल्यावर, जेव्हा ती खरोखर मोठे काही लिहिते, तेव्हा आपण विश्वास ठेवतो. चंद्रप्रकाशाने भारून जाऊन तिला आपण आणि बाहेरचा प्रकाश यांतील सीमाच पुसली गेल्यासारखे वाटते, आणि दोघे पुरुष काळजीने तिला एकटीला बाहेर जाऊ देत नाहीत. तेथील शिकाऱ्यांना या अवस्थेची ओळख असते. ही समाधी आहे की वेडाची पहिली पायरी, हे रिटर ठरवीत नाही. बर्डला जे अनुभवावयाचे होते ते तिला न मागता मिळाले. कारण ती तेथे अनुभव घ्यावयास गेली नव्हती, संसार करावयास गेली होती.

या पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. नवरा-बायकोच्या नात्याविषयी ते फार थोडे बोलते. 'मिक्कल' नावाच्या कोल्ह्यावर तिचा जीव जडतो आणि त्याला मारू नये असा ती हट्ट धरते. पण त्या घराचा चरितार्थच कोल्ह्यांच्या कातड्यांवर आहे, या विसंगतीपाशी ती क्षणभर थांबते आणि पुढे जाते. शिवाय १९३८ हे साल ऑस्ट्रियाच्या इतिहासात कसले होते हे ध्यानात घेता, या पुस्तकातील शांततेकडे कोणी पलायन म्हणूनही बोट दाखवील. हा आक्षेप आम्हांला पूर्णपणे फेटाळता येत नाही. मात्र इतके म्हणता येते की, रिटर बर्फात जाऊन माणसांना तुच्छ लेखावयास शिकत नाही. उलट, तीन माणसांनी एका खोलीत परस्परांना सांभाळून कसे राहावे, हे शिकते. त्या वर्षी युरोपातील बहुसंख्य माणसे याच्या नेमके उलट शिकत होती.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तेथे सूर्य परत येतो. त्याआधीचे, क्षितिजाखालून दिवसेंदिवस वाढत जाणारे तांबडे वाचताना मराठी वाचकाला लोकमान्य टिळकांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' (१९०३) या ग्रंथात त्यांनी वैदिक सूक्तांतील उषा ही एका सकाळची नव्हे, अनेक दिवस चालणारी ध्रुवप्रदेशातील उषा होय, असे प्रतिपादन केले. तो सिद्धांत आज विद्वानांना मान्य नाही. पण पुण्यात बसून, पुस्तकांच्या आधारे, क्षितिजाभोवती चाकासारखी फिरणारी प्रभा डोळ्यांपुढे आणणारी ती कल्पनाशक्ती विलक्षण होती, यात शंका नाही. फरक एवढाच की, टिळकांच्या ध्रुवप्रदेशात उषा आहे, पण चूल नाही. रिटरच्या पुस्तकात दोन्ही आहेत, आणि चुलीमुळेच उषेला अर्थ आला आहे. मराठीत याच्याशी नाते सांगणारे पुस्तक शोधावयाचे तर आम्ही प्रवासवर्णनांच्या फडताळाकडे न जाता दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'कडे (१९५६) जाऊ. एके ठिकाणी राहून वर्ष कसे फिरते हे पाहणारी दृष्टी तेथे आहे. प्रवासाला न निघता लिहिलेले ते उत्तम वासाचे पुस्तक आहे.

तिसरे पुस्तक या दोहोंच्या मर्यादा दाखवून देते. बर्डच्या हिमस्तरावर मूळची वस्ती नाही, रिटरच्या बेटावरही नाही. त्यामुळे दोघांनाही 'निर्जन' हा शब्द मोकळेपणाने वापरता येतो. टोगो देशातील तेते-मिशेल क्पोमासी याला ती मुभा नव्हती. लहानपणी नारळाच्या झाडावर सापाशी गाठ पडून तो खाली कोसळला, आणि पुढे त्याला अजगराची उपासना करणाऱ्या पंथाला वाहण्याचे घाटू लागले. त्याच सुमारास लोमे शहरातील एका दुकानात त्याला ग्रीनलँडवरील पुस्तक सापडले : जेथे साप नाहीत आणि झाडेही नाहीत असा देश! तो घरातून निघाला, पश्चिम आफ्रिका आणि युरोप ओलांडण्यात वर्षांमागून वर्षे गेली, आणि १९६५ साली तो दक्षिण ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर उतरला. त्याचे मूळ फ्रेंच पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. जेम्स कर्कप यांचा 'ॲन आफ्रिकन इन ग्रीनलँड' हा इंग्रजी अनुवाद १९८३ चा.

क्पोमासी सुमारे सोळा महिने तेथे राहिला, पण एकाही दिवशी एकटा नव्हता. लोक त्याला घरात घेतात, जेवू घालतात, मासे धरावयास आणि कुत्र्यांची गाडी हाकावयास शिकवतात. तो कृतज्ञ आहे, तथापि आंधळा नाही. दक्षिणेकडील वस्त्यांतील दारू, रिकामपण, उपाशी मुले हे सर्व तो लिहितो. लिहिताना युरोपीय प्रवाशाचा तिरस्कार त्याच्या लेखणीत उतरत नाही, कारण स्वतःच्या समाजाकडेही तो त्याच नजरेने पाहतो. हे पुस्तक मध्यंतरी रेंगाळते; घरामागून घर आणि जेवणामागून जेवण येते. पण उत्तरेकडे उपर्नाविकच्या बाजूला तो एका म्हाताऱ्याच्या मातीच्या घरात राहतो, तेव्हा सर्व रेंगाळण्याची भरपाई होते. या म्हाताऱ्याने घराच्या भिंती सचित्र मासिकांच्या पानांनी मढवल्या आहेत, आणि जगाची खबर तो त्या भिंतींवरून वाचत असतो. आफ्रिकेतील एका मुलाने ग्रीनलँड पुस्तकात वाचला आणि ग्रीनलँडमधील एका म्हाताऱ्याने जग भिंतीवर वाचले. या दोघांच्या भेटीत 'दूर' हा शब्द निकालात निघतो. आपल्या कार्यालयीन टिपणींत 'दुर्गम क्षेत्र' असा एक शब्द असतो. तो तेथे पाठवल्या जाणाऱ्याचा शब्द आहे, तेथे जन्मलेल्याचा नव्हे, एवढी गोष्ट क्पोमासीने कोणताही सिद्धांत न मांडता सिद्ध केली आहे.

ही पुस्तके आता जुनी झाली, असे म्हणता यावयाचे नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या भूमीवर उतरली. 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले ठाणे कालांतराने बर्फाखाली गेले. 'मैत्री' १९८९ साली आणि 'भारती' २०१२ साली उभे राहिले. रिटर जेथे राहिली त्याच द्वीपसमूहातील न्यू-ऑलेसुंड येथे २००८ पासून 'हिमाद्री' हे आपले संशोधन केंद्र आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून तेथे हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या आहेत. म्हणजे ध्रुवरात्र ही आता आपल्याकडील शास्त्रज्ञांची, डॉक्टरांची, यंत्रज्ञांची आणि आचाऱ्यांची रीतसर नेमणूक आहे. दुसरीकडे, १९७९ पासून उत्तर ध्रुववृत्तातील हवा जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आली आहे. रिटरने ज्या बर्फाची वाट पाहिली, कारण बर्फाबरोबर अस्वले आणि अस्वलांबरोबर अन्न येई, ते बर्फच तेथून हटत चालले आहे. वासाचे वाङ्मय कालांतराने साक्षीदार होते ते असे. पाहुण्याची नजर देखावा टिपते; देखावा बदलला की ती साक्ष निरुपयोगी होते. सरपण किती लागले, बर्फ कधी धरले, कोणती खाडी कधी गोठली, हे राहणारा लिहून ठेवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. महाराष्ट्राबाहेर निघणाऱ्या आपल्यासारख्या मासिकांतील ललित लेखन आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्यात दोन प्रकार ठळक दिसतात : सुटीतील स्थलदर्शन आणि मागे राहिलेल्या गावाची आठवण. पहिल्यात लेखक पुढे पाहतो, दुसऱ्यात मागे. ज्या गावी तो नोकरीनिमित्त आठ-दहा वर्षे राहतो, तेथील पाणी भरणारा, भाजीवाला, शेजारीण, तेथील उन्हाळा आणि तेथील भाषा यांना मात्र त्याच्या लेखनात जागा नसते. जणू ती वर्षे बदलीच्या हुकमाची वाट पाहण्यात गेली. बदलीची नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या आयुष्यातून अशी वर्षे वजा केली तर शिल्लक फार थोडी राहतात. हा केवळ वाङ्मयाचा प्रश्न नाही. जे लिहावेसे वाटले नाही ते जगावेसेही वाटले नव्हते काय, असा तो प्रश्न आहे.

या तीन पुस्तकांतून उत्तराची दिशा दिसते, आणि तिच्यासाठी ध्रुवापर्यंत जाण्याची गरज नाही. बर्डची नोंदवही सांगते की, कंटाळवाण्या कामाला चिकटून राहणे हाही जगण्याचा आणि लिहिण्याचा एक आधार आहे. रिटरची काजळी सांगते की, जागेशी भांडल्याखेरीज जागा आपली होत नाही. आणि क्पोमासीचा म्हातारा सांगतो की, आपण ज्याला टोक म्हणतो ते दुसऱ्या कोणाच्या घराचे माजघर असते. प्रतिभा सर्वांना सारखी लाभत नाही. पण आपल्या अंगणात आलेल्या ऋतूची नोंद करण्यास आणि शेजाऱ्याचे नाव नीट उच्चारण्यास प्रतिभेची अट नाही. 'प्रवास' या शब्दातून मराठीने गमावलेला 'वास' परत मिळवण्याचे काम, मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाखेरीज दुसरे कोण करणार? त्याच्यापाशी अनुभव आहे, अवकाश आहे, आणि मूळ अर्थाने पाहिले तर प्रवासी म्हणवून घेण्याचा अधिकारही त्याचाच आहे.